टर्बोची शीळ

९ नोव्हेंबर

भावसिंगनं आज गोणपाटात गुंडाळून टर्बो आणला. नांदेड रोडला एक डिझेल गाडी उलटली होती, ती त्याच्या भंगारात आली. पत्रा पार चेपला, पण इंजिनाला खरचटलंही नव्हतं. टर्बो म्हणजे नारळाएवढी लोखंडी गोगलगाय. तोंडाशी धरून फुंकर मारली तर आतलं चक्र फिरायला लागलं, आणि फुंकर थांबल्यावरही फिरतच राहिलं. आम्ही दोघं बाप्ये माझ्या गॅरेजच्या ओट्यावर बसून किती वेळ नुसते फुंकत होतो.

बायकोला, दिपाला, संध्याकाळी दाखवला. ती वसमत डेपोला कंडक्टर आहे. ड्युटीवरून आली की आधी पाय बादलीत बुडवून बसते.

"हे करतं काय?"

सांगितलं. इंजिनाचा धूर वाया जातो, त्या धुरावर हे चक्र फिरतं. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चक्र आहे, ते ताजी हवा इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद.

"म्हंजे दिवाळीच्या गाडीत मी पाशिंजर कोंबते, तसं."

अगदी तसं.

१७ नोव्हेंबर

रविवार. झेनवरची ताडपत्री काढली. एका डॉक्टरांची गाडी. ते संभाजीनगरला गेले तेव्हा मला देऊन गेले. चिंचेखाली उभी होती, आत मुंग्यांनी घर केलं होतं. चाक हातानं फिरवलं तर इंजिन फिरलं. जाम झालेलं नाही.

हे वेड कुठून आलं ते लिहून ठेवतो. आयटीआय झाल्यावर पुण्याकडे एका वर्कशॉपात होतो. तिथल्या एका गिऱ्हाइकानं मला एकदा टर्बोच्या गाडीत शेजारी बसवून घाटात नेलं. आधी काहीच नाही. मग बारीक शीळ सुरू झाली, आणि कुणीतरी मागून पाठीला तळवा लावून अलगद पुढे ढकलावं तसं झालं. त्यानंतर मी कितीतरी स्वप्नांत तसा ढकलला गेलोय. रस्ता नसतो, गाडी नसते, फक्त तो तळवा असतो.

नवी असली गाडी घेणं या जन्मी नाही. पण झेन आहे, टर्बो आहे, भावसिंगचं भंगार आहे.

२ डिसेंबर

इंजिनापासून टर्बोपर्यंतचा धुराचा रस्ता बनवतोय. जाड नळीचे तुकडे कापून, कोन जुळवून, वेल्डिंग. पहिला वाकडा झाला. दुसरा तापवल्यावर तडकला. तिसरा बरा दिसतोय. हवा थंड करायची जाळी त्याच उलटलेल्या गाडीतून मिळाली. पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर दुसऱ्या एका गाडीचे. रबरी होज ट्रॅक्टरचे. पेट्रोल आणि ठिणगी सांभाळायचा छोटा कॉम्प्युटर पुण्याच्या जुन्या मित्रानं वापरलेला पाठवला.

गंमत म्हणजे टर्बो अजून बसवलाही नाही आणि शीळ ऐकू येते. उशीवर डोकं टेकलं की सुरू. बारीक, लांबून येणारी, थांबता थांबत नाही. ध्यास म्हणतात तो हाच असणार. दिपाला सांगितलं तर ती माझ्याकडे बघत राहिली.

२१ डिसेंबर

थंडी. सकाळ किती मऊ असते हल्ली. रेल्वे फाटकाजवळ उभा होतो, अकोल्याकडची गाडी कधी आली आणि कधी गेली, कळलंच नाही. विजेची इंजिनं आल्यापासून गाड्या मुक्यानं जातात. चिंचेवर साळुंक्याही कमी झाल्या. दिसतात तेवढ्याच, पण गप्प गप्प असतात.

१६ जानेवारी

दिपानं अबोला धरलाय. परवापासून एक शब्द नाही. दिवाळीपासून ती चिडक्या आवाजातच बोलते. साधं "चहा घ्या" म्हणायचं तरी भांडण काढल्यासारखं. मी झेनपायी घराकडे बघत नाही, याचा राग असेल. आज न राहवून विचारलं. तिनं गळ्याकडे बोट दाखवलं. घसा बसलाय. बसमधली गर्दी, दुसरं काय. मी हळदीचं दूध करून दिलं. पिताना माझ्याकडे बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गरम असावं.

८ फेब्रुवारी

जुने गिऱ्हाईक संतरामभाऊ जीप परत घेऊन आले. मागच्या आठवड्यात मीच बघून "बराबर हाय" म्हणालो होतो. त्यांचं म्हणणं, मागच्या चाकात घरघर आहे. मी चालवून आणली. मला काहीच ऐकू आलं नाही. त्यांना म्हणालो, तुमच्या मनात आवाज बसलाय भाऊ. ते काही न बोलता गेले. बोलले असतील तर पुटपुटले. हल्ली सगळेच पुटपुटतात. मोबाइलवर बोलून लोकांची जीभ आळशी झाली आहे.

२ मार्च

शिवारात हळद शिजायला लागली. कढयांची वाफ गॅरेजपर्यंत येते, सगळी हवा मातीच्या, ओल्या, पिवळ्या वासाची. त्या वासात आज झेन सुरू झाली.

पहिल्या किल्लीला नाही. पाचव्या-सहाव्याला. आधी पांढरा धूर, मुंग्यांची राख, मग हळूहळू लय लागली. इतकी गुळगुळीत चालली की बोनेटवर हात ठेवून खात्री केली. भावसिंगनं आपल्या पुतण्याचा लॅपटॉप आणलाय, त्याची तीन बटणं गळालेली. त्यावर आकडे बघून पेट्रोल कमी-जास्त करायचं.

आता काम कानाचं. हवेचा दाब वाढवत नेताना एकच जपायचं: इंजिनात ठोका पडू द्यायचा नाही. पेट्रोल अवेळी भडकलं की डब्यात ज्वारी हलवल्यासारखा बारीक खडखडाट येतो. तो ऐकताक्षणी पाय काढायचा. नाही काढला तर पिस्टन गेला. तो आवाज पकडायचं यंत्र मिळतं, पण महाग आहे, आणि नुसत्या कानानं इंजिन ओळखणाऱ्या ग्यानोबा उस्तादांच्या हाताखाली घडलेल्या माणसाला यंत्र कशाला? माझ्याकडे कान आहेत.

१५ एप्रिल

काल जयंती. मिरवणूक, निळा गुलाल, डीजे. आम्ही सगळे चौकात. बाकीचे कानांवर हात ठेवून उभे, आणि मला त्या दणदणाटात सगळ्यांचं बोलणं लख्ख कळत होतं. किती महिन्यांनी चार माणसांशी पोटभर गप्पा झाल्या! दिपा निळ्या साडीत होती. म्हणाली, "आज तुमी लईच बोलून राहिलेत." मी म्हणालो, आज सगळे नीट बोलतायत. तिचं हसू अर्ध्यात थांबलं.

घरी आल्यावर परत सगळे आवाज मऊ कापसात गुंडाळल्यासारखे.

२७ एप्रिल

झालं ते तसंच लिहितो.

सकाळी लवकर कुरुंद्याच्या रस्त्याला गेलो. मी चालवायला, शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन भावसिंग. रस्ता मोकळा. दोन्हीकडे काढणी झालेली शेतं, लांबवर धूळ उन्हात उभी. तिसरा गिअर टाकला, हळूहळू पाय दाबला. शीळ आली. आणि मग तो तळवा. पाठीला लागला. इतकी वर्षं स्वप्नात आलेला तोच, तेवढाच अलगद. झाडं मागे वाहायला लागली. कुठे काही आवाज नाही, नुसतं सरकणं. पाण्यावरून जावं तसं.

भावसिंगकडे पाहिलं. तोंड उघडून, हात हलवून तो काहीतरी ओरडत होता. इतका खूष मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. मी आणखी पाय दाबला.

त्यानं माझा दंड धरून हलवला. तेवढ्यात स्टिअरिंगमधून धक्का आला, ताकद एकदम गेली आणि आरसा निळ्या धुरानं भरला.

कडेला उभी केली. ऑइल रस्त्यावर सांडत होतं. भावसिंग उतरून समोर आला, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "ठोका पडून राहिला म्हणून बोंबलतोय मी! थांब थांब म्हणतोय! बहिरा झालास का रे तू?"

ट्रॅक्टरला बांधून झेन परत आणली.

२८ एप्रिल

ठोका पडत होता. त्याला ऐकू आला. मला नाही.

३ मे

इंजिन खोलायचं धाडस झालं नाही. शटर अर्धं ओढून बसून राहिलो. आज दिपाची सुट्टी होती. ती आली, खुर्ची ओढून अगदी समोर बसली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मी बोलते ते कळून राहिलं का?"

"तू ओरडून बोलतेस, मग कळणारच."

"व्हय. ओरडूनच बोलते. दिवाळीपासून. बसमधी लागंल तेवढा घसा वापरते आन उरलेला घरी आणते, तुमच्यासाठी."

मला जानेवारीतला तिचा बसलेला घसा आठवला.

"मागून हाका मारून बघितल्या मी. पलेट पाडून बघितली. तुमी वळले न्हाईत."

"मग मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं की. तीनदा सांगितलं." ती थांबली. "तुमाला ऐकू आलं न्हाई."

आधी मला हसू फुटलं. मग तिलाही. मग कुणाचं हसू कधी रडण्यात गेलं, सांगता येणार नाही. तिनं माझं डोकं पोटाशी धरलं होतं. आत कुठेतरी, तिच्या पोटातून, तिचा आवाज मला आला. शब्द नव्हते, नुसती थरथर.

संध्याकाळी संतरामभाऊंकडे जाऊन जीप आणली. चाक खोललं. बेअरिंग झिजलेलं होतं. बदलून दिलं.

मला भीती वाटते. मी कानानं गाड्या बघतो. दुसरं काही येत नाही मला.

१९ मे

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. दिपा रजा टाकून सोबत. डॉक्टर बाई तरुण, डोळे शांत. त्यांनी एक दोन दातांचा चिमटा टेबलावर आपटून कानाशी धरला. "ऐकू येतं?" नाही. मग तोच परत आपटून त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला.

वाजला! डोक्याच्या मधोमध, देवळातली घंटा ओठांशी धरावी तसा वाजला. बारीक होत होत विरेपर्यंत मी ऐकत राहिलो. परत करा म्हणालो. त्यांनी केलं. मी आणखी एकदा म्हणालो. त्या हसल्या आणि आणखी एकदा केलं.

मग समजावलं. कानात तीन चिमुकली हाडं असतात. त्यातलं शेवटचं, रिकिबीसारखं, हलायचं थांबलंय. आतलं सगळं ठीक आहे, पण आवाज तिथवर पोचत नाही. गर्दीत मला जास्त कळतं आणि उशीवर शीळ येते, तीही याच्याच पोटी.

"म्हणजे जाम झालंय," मी म्हणालो.

"अगदी बरोबर. जाम. ऑपरेशन करून त्या जागी आपण एक बारीक पिस्टन बसवू."

मला वाटलं, मी मेकॅनिक आहे म्हणून थट्टा करतायत. पण नाही, डॉक्टर लोक त्याला पिस्टनच म्हणतात. धोकाही सांगितला. क्वचित उरलेलं ऐकणंही जातं. आधी एकच कान करू, ऑगस्टमध्ये बोलावू, म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये दिपानं तिकीट काढलं. ओळखीच्या कंडक्टरनं घ्यायला नकार दिला, तिनं जबरदस्तीनं काढलं. खिडकीतून वसमतपर्यंत उसाचे हिरवे पट्टे येत राहिले, आणि मी कानामागच्या हाडावर बोट ठेवून बसलो होतो.

२२ जून

लिहायला फुरसत नव्हती. इंजिन खोललं. एका पिस्टनचा काठ उंदरानं भाकरी कुरतडावी तसा गेला होता. भावसिंगनं दुसऱ्या झेनचा जोड आणून ओट्यावर ठेवला. आता तो माझ्याशी इतका ओरडून बोलतो की पलीकडचा चहावाला दोन कप घेऊन येतो.

डॉक्टर बाईंचा चिमटा डोक्यातून जात नव्हता. आवाज हवेतून येत नसेल तर हाडातून येऊ दे. एक लोखंडी गज इंजिनाला बोल्टनं बसवला, तो भोकातून आत गाडीत काढला, टोक घासून गोल केलं. ते कानामागे टेकवलं. इंजिन सुरू केलं.

काय सांगू! व्हॉल्वची टकटक, चेनची सळसळ, ऑइल पंपाची गुरगुर. चालत्या पिठाच्या गिरणीत शिरल्यासारखं झालं. चांगल्या कानांनीही मी इंजिन कधी इतक्या आतून ऐकलं नव्हतं.

पण गज धरून, मान वाकडी करून गाडी चालवता येत नाही. भावसिंगचा पाय ट्रकचा, नाजूक काम त्याला जमत नाही. दिपा म्हणाली, "मी चालवते."

लायसन आहे तिच्याकडे. एसटीच्या चालक-भरतीसाठी काढलं होतं. पुढे ती भरती लांबली, तिला वाहकाचं काम मिळालं, लायसन पेटीत गेलं. मी ते विसरलोच होतो. ती मात्र बसली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्यापुरता वळवला आणि दोन्ही हात चाकावर ठेवून क्षणभर तशीच राहिली. मग विचारलं, "सुटू?"

कुरुंद्याच्या रस्त्यावर ढग खाली आले होते, हळदीचे कोवळे कोंब रांगांनी उभे. ती दाबत गेली, मी डोळे मिटून गजात. आणि तो आला. डब्यात ज्वारी. मी तिच्या गुडघ्यावर थाप मारली, तिनं पाय काढला. ठिणगी थोडी उशिरा केली. परत. थाप. पेट्रोल वाढवलं. परत. चार-पाच रविवार हेच चालणार. दाब मी कमीच ठेवणार आहे. स्वप्नाला तेवढा पुरतो.

उतरताना तिला विचारलं, भीती नाही वाटली? ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, आणि तिनं ते ओरडून सांगितलंही नाही.

६ ऑगस्ट

ऑपरेशन झालं. भूल फक्त कानापुरती होती. डोळ्यांवर हिरवं कापड. मी त्या हिरव्या उजेडात पडून होतो. कुणी लांबून माझ्या डोक्यात बारीक कोरतंय, आणि मी मात्र गॅरेजच्या ओट्यावर बसून झेनच्या टर्बोत फुंकर मारतोय, असं वाटत होतं.

मग अचानक पाणी पडल्याचा आवाज आला. पाणी नव्हतं, चिमटे ट्रेमध्ये ठेवत होते. मग कापडाची सळसळ. कुणाची तरी चप्पल. आणि अगदी हळू, माझ्याशीच: "विजयकुमार, गाव कोणतं तुमचं?"

"वसमत," म्हणालो, आणि हिरव्या कापडाखाली माझे डोळे वाहायला लागले.

"हलू नका," डॉक्टर बाई म्हणाल्या. तेही ऐकलं. मग त्यांनी कापूस भरला आणि जग परत मिटलं.

३० ऑगस्ट

कापूस निघाला. घर किती कर्कश असतं! भांडी, नळ, कुकर. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकतो. बाईंनी बजावलंय: जड उचलायचं नाही, मोठ्या आवाजात जायचं नाही, गाडीत जोराचे धक्के नकोत. गॅरेज सध्या बंद. भावसिंगला दोनदा सांगितलं, तरी तो ओरडतोच. सवय.

१२ ऑक्टोबर

आज झेन पहिल्यांदा पूर्ण पळाली. मी आत नव्हतो.

बाईंची परवानगी अजून नाही. थांबू, म्हणालो होतो. दिपा म्हणाली, "तुमी रस्त्यावर उभे ऱ्हा. गाडी बाहेरून ऐका की." मला कुरुंद्याच्या अलीकडे बाभळीपाशी सोडलं आणि ती मागे लांब गेली, ठिपका होईपर्यंत. वर निरभ्र आभाळ. हळद कमरेएवढी वाढलेली, पानं वाऱ्यावर एकमेकींना घासत होती. भावसिंग पुढच्या वळणावर, ढोरं आडवी येऊ नयेत म्हणून.

आधी काही नाही. मग डांबरावरून टायरांचा सूर. मग इंजिन, भरीव, एकसारखं, कुठे खडखड नाही. दुसरा गिअर. तिसरा. गाडी अंगावर येईतो मी हात कानाशी धरून उभा होतो. ती समोरून गेली तेव्हा वाऱ्यानं माझा सदरा ओढला. मला फक्त दिपाचा चेहरा दिसला. ती रस्ता बघत होती. इतकी स्वतःजवळ असलेली मी तिला कधी पाहिली नाही.

ती वळून आली, शेजारी थांबली. काच खाली केली.

"कसा हाय आवाज?" हळूच विचारलं तिनं. पुटपुटल्यासारखं.

"बराबर हाय," मी म्हणालो. "सरक आता. वळणापर्यंत मी हळू नेतो."

"डॉक्टरनं तुमाला मनाई केली, मला न्हाई." गिअर पडला. "आणखी एकदा जाऊन येते."

"कुठवर?"

तिनं पुढे बघितलं. वळणापुढे, कुरुंद्यावरून, रस्ता थेट औंढ्याकडे जातो.

"बघते," ती म्हणाली आणि गेली.

मी बाभळीखाली बसलो. भावसिंग चालत आला, शेजारी टेकला, तोही ओरडला नाही. आवाज बारीक होत गेला, वळणावर बुडाला, पलीकडे परत वर आला. तिला यायला वेळ लागला. लागू दे, म्हटलं.